किलोच्या भावाची गिटार

बाबांनी गिटारला टिचकी मारली, कान जवळ नेला, दुसऱ्या बाजूला मारली, पुन्हा कान नेला आणि दुकानदाराला विचारलं, "किलोला काय भाव?"

दुकानदारांचं नाव शिकलगार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवर टांगलेल्या बासऱ्यांकडे पाहिलं.

"काका, ही गिटार आहे," ते बाबांना म्हणाले.

"दिसतंय की. पण वर पत्रा आहे ना? पत्र्याचा भाव वेगळा लावा, लाकडाचा वेगळा. पितळी डब्याला स्टीलचं झाकण असलं तर आम्ही तसंच लावतो."

"गिटार नगावर जाते, काका."

"बादलीपण नगावर जाते," बाबा म्हणाले. "पण वजन करतोच ना आपण, मनातल्या मनात."

शिकलगारांचा जन्म कोल्हापुरात वाद्यं विकण्यात गेला होता. या 'आपण'मध्ये त्यांना आजवर कोणी ओढलं नव्हतं. ते हळूच स्टुलावर बसले.

बाबा त्या दुकानात का आले होते, हे मला त्या क्षणी नीट माहीत नव्हतं. म्हणजे काय सांगून आले होते ते माहीत होतं.

आमचं कऱ्हाडला भांड्यांचं दुकान. तवटे भांडी भांडार. खाली दुकान, वर घर, मागे पत्र्याच्या शेडमध्ये आमचे तांबट गजाभाऊ ठोकत बसलेले. आम्ही कासार. आमच्या घरात पणजोबांपासून जगातल्या सगळ्या वस्तूंचे दोनच प्रकार आहेत: मोडीत जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या. पितळेची घागर जुनी झाली की मोडीत देता येते, नव्या घागरीच्या किमतीतून तेवढे पैसे वजा होतात. माझी तेव्हाची गिटार लाकडाची होती, त्यामुळे बाबांच्या लेखी ती वस्तूच नव्हती. "जुनी झाली की काय करणार हिचं?" ते विचारायचे. "बंब पेटवणार?"

त्यांचा संगीताला विरोध नव्हता. लाकडाला होता.

आमच्या दुकानात गल्ल्याच्या वर एक पाटी आहे: 'नाव घातलेला माल परत घेतला जाणार नाही.' लग्नाची, बारशाची, वास्तुशांतीची भांडी लोक आमच्याकडून नाव घालून नेतात. कोणाला, कोणाकडून, कशाप्रीत्यर्थ. नावं घालायचं मशीन बाबा स्वतः चालवायचे. पुढे लग्न मोडलं, दोन्ही घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली, नवरदेव दुबईला पळून गेला, तरी ताट परत नाही. बाबा वाद घालत नसत. नुसतं पाटीकडे बोट करत.

या पाटीमुळे गावातली जी माणसं आमच्याशी बोलत नव्हती, त्यांत पहिला नंबर नंदाताई घोरपड्यांचा. त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. त्याच्या रौप्यमहोत्सवासाठी त्यांनी आमच्याकडून वाट्या केल्या, प्रत्येक वाटीवर नाव आणि 'रौप्यमहोत्सवाप्रीत्यर्थ'. कार्यक्रमाच्या दिवशी पडदा वर गेला आणि लाइट गेली. ती आली नाही. लोक घरी गेले. महोत्सव झालाच नाही म्हणून नंदाताई वाट्या परत द्यायला आल्या. बाबांनी बोट केलं.

तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते. लाइट गेली की त्यांच्या ऑर्केस्ट्रातला की-बोर्ड गप्प, माइक गप्प. उरायची ढोलकी आणि नंदाताईंचा स्वतःचा आवाज, जो मुळात विजेवर चालतच नव्हता. त्यांचे जुने गिटारवाले, ज्यांच्याकडे मी शिकलो, ते म्हातारपणी मुलाकडे नाशिकला गेले. मग नंदाताईंचा मला निरोप आला. जागा रिकामी आहे, पण वायर असलेलं काही आणू नकोस. लाइट नसताना शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाणार असेल तर ये. धनत्रयोदशीला दुपारी, मंगल कार्यालयात.

बाबांनी यावर आपली अट घातली. "तिनं घेतलं तर जा. नाही घेतलं तर त्याच संध्याकाळी गल्ल्यावर बसायचं. मग परत गिटार नाही." धनत्रयोदशीची संध्याकाळ म्हणजे आमच्या धंद्याचा सगळ्यात मोठा मुहूर्त. त्या दिवशी जो गल्ल्यावर बसतो तो उठत नाही. बाबा असेच एकदा बसले होते, त्यांच्या वडिलांनी बसवलं म्हणून. तेव्हा त्यांना काय करायचं होतं ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

शिकलगारांनीच मला फोनवर सांगितलं होतं की रेझोनेटर गिटार नावाचा एक प्रकार असतो. तिच्या पोटात पत्र्याची वाटी बसवलेली असते, तारा तिला हलवतात आणि आवाज मोठा होतो. वीज लागत नाही. मी ही माहिती जेवताना दिली.

बाबांनी ताटातून मान वर केली. "पत्र्याची?"

"हो."

"मग मी येतो. तुला पत्र्यातलं काय कळतं?"

म्हणून आले होते. म्हणजे, असं सांगून आले होते.

शिकलगारांकडे तीन गिटारी होत्या. पहिली अख्खी धातूची, आरशासारखी. तिची किंमत ऐकल्यावर बाबांनी ती दुसऱ्याचं मूल परत द्यावं तशी दोन्ही हातांनी परत दिली. दुसरी स्वस्त होती. तिच्यावर गोल जाळी होती, पण जाळीखाली काहीच नव्हतं. "नुसती चाळण चिकटवलीय," बाबा म्हणाले, आणि एका गिटारीबद्दल आमचं पहिल्यांदाच एकमत झालं. तिसरी लाकडाची, मधे नक्षीची भोकं असलेला गोल पत्रा. परवडण्याच्या जरा पलीकडे, पण हात लांब केला तर पोचेल अशी.

मी ती मांडीवर आडवी घेतली आणि लोखंडी कांडी तारांवरून सरकवली.

आवाज दुकानातून बाहेर पडला, रस्ता ओलांडला आणि समोरच्या पेढेवाल्याने पेढा बांधता बांधता मान वळवली. असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. कोणीतरी लांबून हाक मारतंय आणि ओळखीचं आहे, असं काहीतरी.

"उघडा," बाबा म्हणाले.

"काय?"

"झाकण. आत काय आहे ते बघू."

शिकलगारांनी तारा सैल केल्या, पत्र्याचे स्क्रू काढले. आत एक वाटी उपडी बसवलेली होती, टोकावर लाकडाची छोटी चकती. बाबांनी वाटी बोटानं दाबली. ती दबली. त्यांनी बोट असं मागे घेतलं, जसं काही चुकून कोणाच्या गालाला लागलं.

"हे जर्मन आहे."

"नाही काका, चायनाची आहे."

"अहो धातू. जर्मन. ॲल्युमिनियम." आमच्या धंद्यात ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली आणतात. "होस्टेलच्या आमटीचं पातेलं असतं ते. आणि किती पातळ. टिचकी मारली तर भोक पडेल."

"पातळ आहे म्हणूनच वाजतं काका."

"पातळ आहे म्हणूनच स्वस्त आहे."

"स्वस्त कुठे आहे?" मी म्हणालो.

"तू मधे बोलू नको, भाव चाललाय."

तो भाव मला आजही पूर्ण समजलेला नाही. काही रक्कम रोख ठरली. उरलेल्याच्या बदल्यात शिकलगारांच्या मुलीच्या लग्नाला एक मोठं पितळी पातेलं, त्यावर नाव फुकट. शिकलगारांनी मान डोलावली आणि मग थोडा वेळ आपण मान का डोलावली याचा विचार करत उभे राहिले.

"पसंत नाही पडली तर आठवडाभरात परत आणा," ते मला म्हणाले. "घेईन. फक्त ओरखडा नको."

"ऐकलंस का?" बाबा मला म्हणाले. "ओरखडा नको."

एसटीत बाबांनी गिटार स्वतःच्या मांडीवर घेतली. वाटेत त्यांनी तिला तीनचार वेळा टिचकी मारली. पेठनाक्याला शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं नाही का?" गिटारला की बाबांना, मला कळलं नाही. मी म्हटलं, "बघतोय अजून."

घरी पोचल्यावर गिटार वर आलीच नाही. बाबांनी ती मागच्या शेडमध्ये नेली. "एकदा बघून घेतो. मग देतो."

"बाबा, मला सराव करायचाय."

"जुनीवर कर. बोटं तीच आहेत ना?"

मी जुनीवर केला. मागून दिवसभर गजाभाऊंची ठोकठोक येत होती, पण दिवाळीआधी ती येतेच. दुसऱ्या दिवशी जेवताना बाबांनी विचारलं, "त्या नंदाबाईंच्या ऑर्केस्ट्राला नुसतं ऑर्केस्ट्राच म्हणतात की पुढेमागे काही लावतात?"

"का?"

"सहज."

आमच्या घरात सहज कोणी काही विचारत नाही. मी आईकडे पाहिलं. आई मेथी निवडत होती, आणि ज्या भांड्यात टाकत होती ते भांडं डुगडुगत होतं.

"हे कुठलं भांडं?"

"तुझ्या बाबांनी दिलं. हलकं आहे, पण बूड नाही मेल्याला. आणि मधोमध भोक." तिनं ते हलवून दाखवलं. "मेथीला बरं आहे. धुतली की पाणी जातं."

मला ते भांडं कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. पण आमच्या घरात सगळीच भांडी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटतात.

धनत्रयोदशीला सकाळी उठलो तर इस्लामपूरची आत्या येऊन बसलेली. तीही पदर खोचून, चष्मा पुसून, कामाला आल्यासारखी.

"आत्या, तू कशी काय?"

"तुझ्या बापानं बोलावलं. तुला काही बोलला नाही?"

"नाही."

"मग मी तरी कशाला बोलू," आत्या म्हणाली आणि चहा ओतून घेतला.

बाबांनी गिटार देवासमोर ठेवली होती. पत्र्यावर हळदकुंकू, खालच्या टोकाला झेंडूचं फूल खोवलेलं. बाहेरून एक ओरखडा नव्हता. उचलली तर जड लागली. मला वाटलं, रात्री झोप झाली नाही, मीच हलका झालो असेन. तारा लावल्या, कांडी ठेवली, वाजवलं.

डब्.

पुन्हा वाजवलं. पुन्हा डब्. एखाद्याने मोठ्या पातेल्यात तोंड घालून 'काय?' म्हणावं तसा आवाज होता, आणि तो तिथेच, पातेल्यात, बसून राहत होता.

"बाबा, हिचा आवाज..."

"आता भरीव येतोय," बाबा म्हणाले. ते दाराशी उभे होते. दुकान उघडायची वेळ टळून गेली होती आणि ते अजून वर होते, हेही कधी घडलेलं नव्हतं. "आधी फार पसरत होता."

मला वाटलं हवा दमट असेल. मला वाटलं तारा चुकल्या असतील. मला वाटलं कोल्हापूरच्या त्या दुकानाच्या भिंतींमध्येच काहीतरी असेल. पाया पडायला वाकलो तर बाबा म्हणाले, "जा जा, उशीर होईल," आणि हात माझ्या डोक्यावर ठेवायचा तो गिटारवर ठेवला.

कार्यालयात नंदाताई स्टेजवर खुर्ची टाकून चिवडा खात होत्या. साठीच्या आसपास, नऊवारी, कपाळाला आडवी चिरी. हातात स्टीलची वाटी. ढोलकीवाले बाळकृष्ण खाली सतरंजीवर, त्यांच्याही हातात तशीच वाटी. लाइट नव्हती.

"ये. तवट्यांचा ना तू?"

"हो."

"चिवडा घे." त्यांनी मला वाटी दिली. वाटीवर लिहिलं होतं: रौप्यमहोत्सवाप्रीत्यर्थ. "वाच वाच. तुझ्या बापाचं अक्षर आहे. झाला नाही तो महोत्सव. पण वाट्या काय टिकाऊ."

मी चिवडा खाल्ला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"बाळू, शेवटच्या खुर्चीवर जाऊन बस," नंदाताई म्हणाल्या. ढोलकीवाले वाटी घेऊन हॉलच्या टोकाला गेले. "आता मी एक ओळ म्हणते. ती तू वाजव. त्याला तिथे ऐकू गेली तर तुझं काम झालं."

त्यांनी ओळ म्हटली. काचा जराशा हलल्या. मग मी वाजवलं.

"बाळू, आलं का?"

"काय?" बाळकृष्ण लांबून म्हणाले.

"गिटार."

"सुरू झाली का?"

मी जोर लावला. तार लागली, हात दुखला, आवाज आला नाही. गिटारच्या पोटात काहीतरी बसलं होतं आणि ते आपल्या जागेवर ठाम होतं. संध्याकाळचं दुकान मला दिसायला लागलं. गर्दी, गल्ला, गल्ल्यामागची ती खुर्ची, तिच्यावरची पाटी.

"भांडी वाजवणारं माणूस आहे माझ्याकडे," नंदाताई म्हणाल्या. वाईट वाटून म्हणाल्या, त्यामुळे जास्तच लागलं. "घरी बाई येते."

"ताई, परवा ही अशी नव्हती. खरंच. कोल्हापूरला हिनं पेढेवाल्याला वळवलं होतं."

"मग आता काय झालं?"

"मला माहीत नाही. उघडून बघू का?"

"बघ बाबा. लाइट यायला वेळ आहे."

तारा सैल केल्या. बाळकृष्णांनी जवळ येऊन खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून दिला. तो ते ढोलकीसाठी का बाळगत होते हे विचारायची ती वेळ नव्हती. मी पत्रा उचलला.

आत पितळेची वाटी होती. जाड, ठोके ठोके घालून मठारलेली, चिंचेनं घासून लख्ख केलेली. गजाभाऊंचं काम. त्या ठोक्यांवरून गजाभाऊंना मी आंधळा झालो तरी ओळखेन. इतकी सुंदर वाटी आमच्या दुकानातही नव्हती. आणि ती इतकी जड होती की जगातली कुठलीही तार तिला हलवू शकली नसती.

मेथी, मला आठवलं. डुगडुगणारं भांडं. मधलं भोक.

"हे काय लिहिलंय?" नंदाताई म्हणाल्या.

माझ्या हातात पत्रा होता, उलटा. त्याच्या आतल्या बाजूला अक्षरं होती. मशीनची नव्हती. लाइट नसताना खिळा आणि हातोडी घेऊन एकेक ठिपका मारत काढलेली, थोडी वर चढत गेलेली. नंदाताईंनी कमरेचा चष्मा काढला आणि लग्नात आलेली भांडी वाचतात तशा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं वाचायला लागल्या.

"चिरंजीव सुजय यास. नंदाताईंच्या ऑर्केस्ट्रात लागल्याप्रीत्यर्थ. आईबाबांकडून सप्रेम. धनत्रयोदशी."

बाळकृष्णही वाकून बघायला लागले.

"मी कधी घेतलं तुला?" नंदाताई म्हणाल्या.

"अजून नाही."

"मग हे?"

"मला काहीच माहीत नाही, ताई."

"तुझ्या बापाला माहीत होतं मी घेणार म्हणून?"

"ते तर म्हणाले होते, नाही घेतलं तर आज संध्याकाळपासून गल्ल्यावर बसायचं."

नंदाताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पूर्ण वाचलं. 'सप्रेम'वर थांबल्या.

"मूळची वाटी कुठे आहे?"

"तिच्यात मेथी आहे."

"लाइट सहाला येते," त्या म्हणाल्या. "लाइट आली की मला तुझी गरज नाही. जा."

मी गिटार तिथेच ठेवून धावलो. आईनं मेथी परातीत ओतली आणि "एक भांडं धड राहू देत नाहीत या घरात" म्हणत वाटी दिली. जिना दुकानातच उतरतो. दुकान खच्चून भरलेलं. गिऱ्हाइकांच्या मधोमध बाबा हातात कळशी घेऊन उभे, आणि मला काखेत ॲल्युमिनियमची वाटी घेऊन पळताना त्यांनी पाहिलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, जर्मन घेऊन ये."

बाबांनी कळशी खाली ठेवली. कळशीवाला गिऱ्हाईक म्हणाला, "किलोला काय भाव?" बाबांनी माझ्या काखेतली वाटी घेतली. टिचकी मारली. इतक्या गोंधळात कान जवळ नेला. ती बराच वेळ वाजत राहिली असावी, कारण त्यांनी कान बराच वेळ तिथे ठेवला.

"पातळ आहे म्हणूनच?"

"हो."

"शिकलगार बोलला होता," बाबा म्हणाले. त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं वाटीला चिकटलेलं मेथीचं पान पुसलं. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

तेवढ्यात माझं लक्ष गल्ल्याकडे गेलं. तिथे आत्या बसली होती. चष्मा, पदर खोचलेला, समोर सुट्ट्या पैशांची डबी. नीट मांडी घालून, उठायचा विचार नसल्यासारखी.

"बाबा," मी म्हटलं, "नाव का घातलंत? तिनं घेतलं नसतं तर? शिकलगार परत घेणार होते."

बाबांनी माझ्याकडे न बघता हात वर केला आणि पाटीकडे बोट केलं.

"अहो मी कुठं परत करतोय?" कळशीवाला म्हणाला. "अजून घेतलीच नाही मी."

"तुम्हाला नाही," बाबा त्याला म्हणाले. मग मला म्हणाले, "तिला पण सांग." आणि वाटी माझ्या हातात दिली.

मी परत धावलो. पितळेची वाटी काढली, जर्मनची बसवली, टोकावर लाकडाची चकती आवळली, तारा ताणल्या. बाळकृष्ण न सांगता शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. नंदाताईंनी तीच ओळ म्हटली आणि मी कांडी सरकवली.

या वेळी बाळकृष्ण उठून उभे राहिले, आणि हॉलच्या दारावरून जाणारा एक सायकलवाला एक पाय खाली टेकवून थांबला.

मी थांबलो नाही. मी थांबलो तेव्हा पंखे फिरत होते, ट्यूबलाइटी लुकलुकत होत्या. लाइट कधी आली कोणालाच कळलं नव्हतं. नंदाताईंनी पितळेची वाटी मांडीवर घेतली होती आणि तिच्यात चिवडा ओतला होता. ती डुगडुगत होती. त्या एका हातानं तिला धरून होत्या.

"ही मी ठेवते," त्या म्हणाल्या. "बिननावाची आहे. तुझ्या बापाकडची पहिलीच. काय म्हणाला तो?"

"निरोप दिलाय."

"काय?"

"नाव घातलेला माल परत घेतला जाणार नाही."

नंदाताईंचा हात वाटीत थांबला. "कुठला माल?"

"मला नीट कळलं नाही," मी म्हणालो. तेव्हा खरंच नीट कळलं नव्हतं.

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग खुर्चीतून पुढे वाकल्या, माझ्या कपाळावर एक सणसणीत टिचकी मारली आणि कान जवळ आणला.

"फुटका नाहीस," त्या म्हणाल्या. "जा, बाळूच्या डाव्या हाताला बस."